ज्या हाताने किरणे मोजली : दंतवैद्य डॉ. एडमंड केल्स यांची जीवनकथा

वाचकहो, दाढ ठणकू लागली की रात्र सरता सरत नाही. लवंग धरून होते, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या होतात, शेजारपाजारच्यांनी सांगितलेले दहा उपाय होतात आणि मगच नाइलाजाने आपण दंतवैद्याची पायरी चढतो. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे. आता तशी गरज राहिलेली नाही. ठाणे, कल्याण किंवा डोंबिवली स्टेशनाबाहेर पडले की थोड्याच अंतरावर दातांच्या दवाखान्याची पाटी दिसते. डॉक्टर तुम्हाला खुर्चीवर बसवतात, बोटाच्या पेराएवढी एक पट्टी तोंडात धरायला देतात, यंत्राचे नळकांडे गालाजवळ आणतात आणि हलू नका म्हणून बजावतात. मग ते स्वतः मात्र चार पावले मागे सरून आडोशाला उभे राहतात. बारीकसा आवाज होतो आणि तुमच्या दाढेचे चित्र तयार होते.

डॉक्टर मागे का सरले, हा प्रश्न तुमच्या मनात कधी आला आहे काय? बहुधा नसेल. ती चार पावले आज इतकी सवयीची झाली आहेत की त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु ही पावले वैद्यकाला फार महाग पडली आहेत. त्यासाठी ज्या माणसाने आपली बोटे, पंजा आणि अखेर सबंध हात गमावला, त्या डॉ. चार्ल्स एडमंड केल्स यांची कथा या स्मरणिकेच्या निमित्ताने तुमच्यासमोर ठेवीत आहोत.

दातांची निगा ही आपल्याला नवी गोष्ट नाही. मिस्वाकची सुन्नत आपल्या घराघरात लहानपणापासून शिकवली जाते. सुमारे हजार वर्षांपूर्वी अंदलुसमधील कुर्तुबा शहरी अबुल कासिम अल-जहरावी हे थोर शल्यवैद्य होऊन गेले. दातांवर चढलेले किटण खरवडून काढण्याची हत्यारे कशी असावीत, हे त्यांनी आपल्या ग्रंथात आकृत्या काढून दाखवले होते. परंतु अल-जहरावींपासून एकोणिसाव्या शतकापर्यंतच्या सर्व दंतवैद्यांची एक अडचण सारखीच होती. दाताचा जो भाग हिरडीच्या वर दिसतो तेवढाच त्यांना दिसे. त्याचे मूळ जबड्याच्या हाडात दडलेले असते. तिथे गळू झाले आहे की मूळ वाकडे वाढले आहे, हे सारे अंदाजानेच ठरवायचे. अंदाज चुकला तर दुखरा दात तोंडातच राही आणि चांगला निघून जाई.

हा पडदा दूर झाला तो जर्मनीत. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्ट्झबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक विल्हेल्म राँटगेन यांना प्रयोगशाळेत एक अनोळखी किरण आढळला. तो मांसातून आरपार जाई आणि हाडापाशी अडे. त्याचे स्वरूप ठाऊक नव्हते, म्हणून गणितातील अज्ञात संख्येचे नाव त्याला मिळाले. तोच आपला क्ष-किरण, म्हणजे एक्स-रे. राँटगेन यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. त्यामुळे काही आठवड्यांतच जगभर ठिकठिकाणी प्रयोग सुरू झाले. जानेवारी १८९६ मध्ये जर्मनीतीलच डॉ. ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्यांना किरणांपुढे २५ मिनिटे निश्चल राहावे लागले. आज याच कामाला एक सेकंदही लागत नाही.

याच सुमारास समुद्रापलीकडे, अमेरिकेच्या दक्षिण टोकाला असलेल्या न्यू ऑर्लिन्स शहरात डॉ. केल्स आपला दवाखाना चालवीत होते. त्यांचा जन्म तिथेच १८५६ साली झाला. वडीलही दंतवैद्य होते. तरुण केल्स न्यूयॉर्कला शिकले आणि १८७८ साली दंतवैद्यकाची पदवी घेऊन आपल्या गावी परतले. ते दिवस विजेच्या नवलाईचे होते. रस्त्यावर विजेचे दिवे येत होते. हीच वीज रोग्याच्या उपयोगी कशी आणता येईल, हा ध्यास केल्स यांनी घेतला. दवाखान्यात विजेचा प्रवाह आणून त्यावर आपली हत्यारे चालवणाऱ्या पहिल्या दंतवैद्यांत त्यांची गणना होते. तोंडातील लाळ व रक्त ओढून घेणारे यंत्र त्यांनी तयार केले, आणि ते पुढे इतर शस्त्रक्रियांतही उपयोगी पडले. लहानमोठे मिळून सुमारे तीस शोध त्यांच्या नावावर आहेत.

माताभगिनींनो, आणखी एक गोष्ट तुम्ही ध्यानात ठेवावी अशी आहे. १८८५ साली डॉ. केल्स यांनी दवाखान्यात मदतनीस म्हणून एका स्त्रीची नेमणूक केली. त्या काळी सभ्य घराण्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरांच्या दवाखान्यात एकट्या जात नसत, आणि सोबतीला कोणी नसेल तर दुखणे अंगावर काढीत. दवाखान्यात स्त्री मदतनीस आहे म्हटल्यावर त्यांचा संकोच गेला आणि त्या निर्धास्तपणे येऊ लागल्या. आपल्या समाजातही कितीतरी भगिनी केवळ संकोचापायी उपचाराला उशीर करतात. तेव्हा आपल्या मुलींनी दंतवैद्यकाचे, परिचर्येचे किंवा एक्स-रे तंत्राचे शिक्षण घेतले तर त्यात अनेक घरांची सोय आहे.

आता मूळ कथेकडे वळू. १८९६ च्या आरंभी न्यू ऑर्लिन्सच्या ट्युलेन विद्यापीठातील प्राध्यापक ब्राउन एअर्स यांनी क्ष-किरणांचे प्रात्यक्षिक करून दाखवले. केल्स यांनी ते पाहिले, आणि दंतवैद्याला आजवर न दिसलेले मूळ या किरणांनी दिसेल हे त्यांनी तत्काळ ओळखले. त्यांनी यंत्रसामग्री मिळवून दवाखान्यातच बसवली. त्याच वर्षी जुलै महिन्यात ॲशव्हिल येथे दक्षिणेकडील दंतवैद्यांची परिषद भरली. तिथे केल्स यांनी आपल्या व्यवसायबंधूंना हे काम करून दाखवले. जिवंत माणसाच्या तोंडात फिल्म ठेवून दातांची चित्रे घेणाऱ्या अमेरिकेतील अगदी पहिल्या लोकांत त्यांचे नाव घेतले जाते.

काम सोपे नव्हते. चित्र उमटायला कित्येक मिनिटे लागत. तोंडातील फिल्म जरा हलली की सारे फुकट जाई. म्हणून रोग्याने दातांत धरून ठेवावा असा एक धारक केल्स यांनी बनवला, म्हणजे फिल्म जागची हलत नसे. फिल्म आणि किरण यांचा कोन बरोबर साधला नाही तर दाताचे मूळ खऱ्यापेक्षा लांब किंवा आखूड दिसते, हेही त्यांच्या लक्षात आले. आज ज्याला आपण रूट कॅनाल म्हणतो, त्या उपचारात मूळ नेमके किती लांब आहे हे कळणे फार महत्त्वाचे असते. १८९९ साली केल्स यांनी मुळाच्या पोकळीत तार ठेवून चित्र घेतले आणि त्यावरून लांबी पाहण्याचा प्रयत्न केला. ही पद्धत सुधारलेल्या स्वरूपात आजही वापरली जाते.

वाचकहो, इथपर्यंतची कथा यशाची आहे. यापुढचा भाग जरा मन घट्ट करून वाचावा लागेल.

त्या वेळच्या क्ष-किरण नळीचा एक मोठा दोष होता. तिची शक्ती एकसारखी राहत नसे. वापरता वापरता नळीतील वायूचे प्रमाण बदले, आणि किरण कधी फार सौम्य तर कधी फार तीव्र होई. चित्र घेण्यापूर्वी नळी योग्य स्थितीत आहे की नाही हे तपासावे लागे. मात्र ते मोजण्याचे साधन कोणाजवळच नव्हते. मग दंतवैद्य काय करीत? नळी आणि चमकणारा पडदा यांच्यामध्ये ते स्वतःचा हात धरीत. पडद्यावर हाताची हाडे स्वच्छ दिसू लागेपर्यंत नळी जुळवीत, आणि मग रोग्याला पुढे घेत. केल्स यांनी वर्षानुवर्षे असेच केले. त्यांचा हातच त्यांचे मोजमापाचे यंत्र होता. प्रत्येक रोग्याच्या वाट्याला किरणांचा एक हिस्सा येई, आणि डॉक्टरांच्या हाताला सर्वांच्या वाट्याचा हिस्सा मिळे.

हा किरण दिसत नाही. तो अंगावर पडला तर चटका बसत नाही की वेदना होत नाही. त्याचे नुकसान शरीरात गुपचूप साठत जाते आणि कित्येक वर्षांनी वर येते. म्हणूनच शहाणीसुरती माणसे फसली. थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेतील सहायक क्लॅरेन्स डॅली यांना याच किरणांनी ग्रासले. १९०४ साली त्यांचा मृत्यू झाला आणि एडिसन यांनी क्ष-किरणांचे काम सोडून दिले. बोस्टनचे डॉ. विल्यम रोलिन्स हेही दंतवैद्यच होते. त्यांनी १९०१ साली गिनीपिगांवर प्रयोग करून हे किरण प्राणघातक ठरू शकतात असे दाखवून दिले. नळी शिशाच्या वेष्टनात ठेवावी, शरीराचा जेवढा भाग पाहायचा तेवढ्यावरच किरण पडू द्यावेत आणि काम करणाऱ्याने डोळे जपावेत, असे उपाय त्यांनी सांगितले. या सूचना आज शब्दशः पाळल्या जातात, परंतु त्या काळी फार थोड्यांनी त्या मनावर घेतल्या. नव्या विद्येच्या उत्साहात सावधगिरीचा आवाज विरून गेला.

केल्स यांच्या हाताची कातडी आधी कोरडी पडली, मग तिला भेगा पडल्या आणि पुढे बऱ्या न होणाऱ्या जखमा झाल्या. त्यातून कर्करोग उद्भवला. तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. प्रत्येक वेळी वाटे की रोग इथे थांबेल, पण तो थांबला नाही. आधी बोटे गेली, मग पंजा गेला आणि शेवटी हात गेला. ज्याचे सारे कौशल्य बोटांत, त्याच्या बोटांवरच घाव पडावा याहून मोठी परीक्षा कोणती?

आणि तरीही हा माणूस खचून स्वस्थ बसला नाही. त्यांच्या उतारवयात अमेरिकेत एक विलक्षण लाट आली होती. संधिवातापासून मनोविकारापर्यंत अनेक रोगांचे मूळ दातांच्या जंतुदोषात आहे, असे मत वैद्यांत बळावले. मग एक्स-रेत अंधूकशी छाया दिसली की दात उपटा, दोष सापडला नाही तरीही उपटा, असा प्रकार सुरू झाला. असंख्य लोकांचे धड दात गेले आणि मूळ दुखणे तसेच राहिले. केल्स यांनी १९२० साली या प्रकारावर जाहीर लेख लिहून कडाडून हल्ला चढवला. क्ष-किरण दात वाचवण्यासाठी आहे, दात काढण्याचे निमित्त शोधण्यासाठी नाही, ही त्यांची भूमिका होती. नामांकित डॉक्टरांनी सांगितले तरी दंतवैद्याने पुराव्याशिवाय चांगल्या दाताला हात लावू नये, असा त्यांचा आग्रह होता. ज्या किरणांनी त्यांचा हात नेला, त्यांच्या गैरवापराविरुद्ध ते असे उभे राहिले. किरणांच्या उपयोगावरील त्यांचा विश्वास मात्र ढळला नाही. १९२५ साली त्यांनी दंतवैद्यांसाठी ग्रंथ लिहिला आणि १९२६ साली आपल्या ६९ वर्षांच्या आयुष्याची हकीकत प्रसिद्ध केली.

अखेर वेदना असह्य झाल्या. ७ मे १९२८ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपल्या जीवनाचा शेवट करून घेतला. आपला दीन याला परवानगी देत नाही आणि या लेखातही त्याचे समर्थन नाही. जीवन ही अल्लाहची अमानत आहे. तथापि त्या माणसाने जे सोसले ते आपण सोसलेले नाही, म्हणून त्याचा न्याय करायला आपण बसू नये. यातून एवढा बोध मात्र जरूर घ्यावा, की दीर्घ दुखण्याने पिचलेल्या माणसाला एकटे पडू देऊ नये. त्याची विचारपूस करणे आणि त्याच्या उशाशी बसणे हेही उपचारच आहेत.

त्यानंतर काय घडले ते पाहा. केल्स गेल्यावर अवघ्या दोन महिन्यांनी, जुलै १९२८ मध्ये, स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे क्ष-किरण तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. किरणांची मात्रा मोजण्यासाठी सर्व जगाने एकच एकक वापरावे असे तिथे ठरले, आणि त्या एककाला राँटगेन यांचे नाव देण्यात आले. किरणांपासून माणसाचे रक्षण कसे करावे याची शिफारस करणारी समितीही त्याच परिषदेत स्थापन झाली. स्वीडनचे रॉल्फ सिव्हर्ट हे या कामातील एक अग्रणी होते. शरीराला पोचणारी किरणांची हानी आज ज्या एककात मोजतात त्याला त्यांचेच नाव आहे. केल्स यांनी ज्यासाठी आपला हात पुढे केला, ते काम आता यंत्राने आणि आकड्याने होऊ लागले. हा लाभ त्यांना स्वतःला मिळाला नाही. तो तुम्हाआम्हाला मिळाला.

या मोजमापाचे एक मोठे केंद्र आपल्या अगदी जवळ आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. ठाण्याची खाडी दक्षिणेकडे उतरत जाते तिथे तिच्या काठी तुर्भे, म्हणजे ट्रॉम्बे आहे. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणमापनाचे मोठे काम झाले आहे. क्ष-किरण विभागातील कर्मचाऱ्यांच्या छातीवर एक लहानसा बिल्ला तुम्ही पाहिला असेल. त्या बिल्ल्यात कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात आणि त्यांत डिस्प्रोसियम या धातूचा अंश मिसळलेला असतो. अंगावर किरण पडले की त्यांची शक्ती या चकत्यांत साठून राहते. ठराविक मुदतीनंतर बिल्ला तपासणीला जातो. तिथे चकत्या तापवल्या की त्या प्रकाश देतात, आणि तो प्रकाश मोजला की त्या माणसाला किती मात्रा मिळाली ते कळते. नोव्हेंबर १९८३ मध्ये आपल्या देशात अणुऊर्जा नियामक परिषद स्थापन झाली. तिच्या नियमांप्रमाणे अशा कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा मिळता कामा नये, आणि कोणत्याही एका वर्षात ती ३० च्या वर जाता कामा नये.

आता पालकांच्या मनातील भीतीबद्दल दोन शब्द. ही कथा वाचून मुलाच्या दाताचा एक्स-रे काढायला नकार द्याल, तर केल्स यांच्या आयुष्याचा उलटाच अर्थ लावल्यासारखे होईल. माती, आकाश आणि अन्न यांतून निसर्गतःच प्रत्येकाला किरण मिळत असतात. जगाची सरासरी धरली तर ते वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट भरतात. दाताच्या एका लहान चित्रातून मिळणारी मात्रा साधारणपणे एका दिवसात निसर्गाकडून मिळणाऱ्या मात्रेच्या आसपास असते. मग डॉक्टर मागे का सरतात? कारण तुमचे चित्र वर्षातून एखाद-दुसरे असते, तर त्यांना रोज कितीतरी काढायची असतात. नळीपासूनचे अंतर दुप्पट झाले की किरणांची मात्रा चौथाईवर येते आणि तिप्पट झाले की नवव्या हिश्शावर येते. ती चार पावले म्हणजे हेच गणित आहे. तुम्ही मात्र आपल्या बाजूने काळजी घ्या. गरज असेल तरच चित्र काढावे, जुनी चित्रे जपून ठेवून नव्या डॉक्टरांना दाखवावीत आणि घरातील स्त्री गरोदर असेल तर ते आधीच सांगावे. आणि दात दुखला म्हणजे तो काढूनच टाका, असा हट्ट डॉक्टरांपाशी धरू नये. चांगला दात ही खुदाची देणगी आहे, आणि ती एकदा गेली की परत येत नाही.

विद्यार्थी मित्रहो, केल्स हे दूरदेशीचे होते, आपला त्यांच्याशी काय संबंध, असे कदाचित तुम्ही म्हणाल. त्यांच्याच काळात आपल्या समाजातील एक तरुण अलीगढच्या कॉलेजात शिकून अमेरिकेला गेला. आयोवा विद्यापीठातून त्याने १९१५ साली दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि १९१९ मध्ये तो मायदेशी परतला. ते डॉ. रफीउद्दीन अहमद होत. १९२० साली त्यांनी कलकत्त्यात भारतातील पहिले दंत महाविद्यालय उघडले. पैसा नव्हता, म्हणून शीतपेयांचे दुकान चालवून त्याच्या कमाईवर त्यांनी ते उभे केले. १९४९ मध्ये ते महाविद्यालय त्यांनी सरकारच्या स्वाधीन केले. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि १९६५ साली ते अल्लाहला प्यारे झाले. तेव्हा ही विद्या आपल्याला परकी नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी ती या भूमीत रुजवली आहे.

आजही या विद्येला माणसे हवी आहेत. केवळ दंतवैद्यच नव्हेत, तर एक्स-रे तंत्रज्ञ, यंत्रे तपासणारे अभियंते आणि किरणांची मात्रा मोजणारे भौतिकशास्त्रज्ञही हवे आहेत. गणित आणि विज्ञान यांच्याकडे पाठ फिरवू नका. दहावीच्या पुस्तकातील अंतराचा आणि वर्गाचा तो कंटाळवाणा वाटणारा हिशेब कोणाचा तरी हात वाचवतो, हे या कथेवरून तुम्हाला पटले असेल.

इल्म ही मोठी नेमत आहे, परंतु तिच्याबरोबर जबाबदारी येते. नवी शक्ती हाती आली की आधी तिचे माप शिकावे आणि मग तिचा वापर करावा. ज्यांना माप ठाऊक नव्हते त्यांनी आपल्या देहाने किंमत मोजली, म्हणून आज आपल्याला ती मोजावी लागत नाही. पुढच्या वेळी दंतवैद्याच्या खुर्चीवर बसाल आणि डॉक्टर चार पावले मागे सरतील, तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या त्या हात गमावलेल्या माणसाची क्षणभर आठवण करा.